पाइपला पेर नसतं

वैशाख लागला की उपनगरातल्या इमारतींना सांगाडे फुटतात. पाऊस दीड महिन्यावर आलेला असतो. गेल्या पावसाळ्यात ज्यांच्या भिंती पाझरल्या त्यांना आता जाग येते, आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जिकडे बघावं तिकडे परांच्या उभ्या राहतात. गवंडी, रंगारी, प्लास्टरवाले ज्याच्यावर उभे राहून भिंतीचं काम करतात तो सांगाडा म्हणजे परांची. लोकांना उन्हाळा आंब्याच्या वासावरून कळतो, मला परांचीवरून कळतो. चाळीस वर्षं मी तेच काम केलं. बांबू आणि काथ्याची दोरी, दुसरं काही नाही. माझ्या हातची परांची पडली असं कोणी दाखवून द्यावं, असं मी छाती पुढे काढून सांगत आलो. ते खरंच आहे. परांची कधी पडली नाही. माणूस पडला, एकदाच, आणि त्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी थोडं नळीबद्दल लिहितो. नळी समजली नाही तर माझी चूक समजणार नाही.

यंदा आमच्याच इमारतीची पाळी आली. कांदिवली पूर्वेला चार माळ्यांची जुनी इमारत, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. एका सकाळी ट्रक आला आणि लोखंडी पाइप खाली पडायला लागले. बांबूचा ट्रक रिकामा होतो तेव्हा आवाज जाड येतो, शेजारच्या खोलीत कोणी तबला लावतंय असा. पाइपचा आवाज सरळ कानात घुसतो. मी गॅलरीत खुर्ची टाकली ती टाकलीच. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "झालं. आता पाऊस पडेपर्यंत हे घरात येत नाहीत."

"बघतो फक्त," मी म्हणालो.

"बघतो फक्त म्हणे. कालपासून तीन माणसांना शिव्या घालून झाल्या."

शिव्या नव्हत्या त्या. उभा पाइप ओळंब्याच्या दोरीला सरळ नसेल तर सांगायला नको?

कामावर एक मुलगी इंजिनीयर आहे. प्राची तिचं नाव, बोरिवलीहून स्कूटरवर येते, सगळे मॅडम म्हणतात. ती खालून ओरडली, "आजोबा, रोज काय मोजता आमचं?"

"मोजत नाही. तो कोपऱ्यातला उभा बाहेर गेलाय."

तिने ओळंबा लावला. अंगठाभर बाहेर होता. तिने वर बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून अकराचा चहा आमच्याकडे प्यायला लागली. मुलगी शिकलेली आहे आणि दुसऱ्याचं ऐकून घेते, हे दोन्ही एका माणसात मी फार कमी बघितलंय. मी चौथीपर्यंत गेलो. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून वाद आहे.

एकदा मी तिला मुद्दाम विचारलं, की पाइप पोकळ का करतात, भरीव का नाही. मला उत्तर माहीत होतं. बघायचं होतं कॉलेजात काय शिकवतात.

ती म्हणाली, "पाइप वाकायला लागला की एका बाजूने ताणला जातो, दुसऱ्या बाजूने दाबला जातो. सगळं काम बाहेरची कड करते. मधला माल जवळजवळ रिकामटेकडा. मग त्याचं वजन कशाला वाहायचं?"

"हे शिकायला किती वर्षं लागली?"

"चार."

"मला पपईच्या पानाने एका दुपारी शिकवलं."

"मग मी फी परत मागू?" ती म्हणाली, आणि बायको आतून हसली.

पण मी खोटं बोललो नव्हतो. आमच्या गावाला, कोकणात, घरामागे पपईचं झाड होतं. पपईचं पान सुपाएवढं असतं आणि त्याचा देठ माणसाच्या हाताएवढा लांब. वारा सुटला की ते सूप दिवसभर हलत असतं, पण देठ मोडत नाही. आम्ही तो देठ तोडायचो, रिठ्याचं पाणी करायचो आणि फुगे उडवायचो. फुंकर या टोकाने घातली की त्या टोकाला फुगा. तेव्हा हातात आलं की एवढं पान धरून ठेवणारी वस्तू आतून काहीच नाही, नुसती हवा. एकदा मी तो देठ गुडघ्यावर मोडायला गेलो. आधी चपटा झाला, मग मोडला. हे मी लक्षात ठेवलं. पोकळ वस्तू मोडायच्या आधी चपटी होते.

मग दिसायलाच लागलं. भाताची लोंबी भरली की केवढी वाकते, पण तिला धरणारी काडी पोकळ. कापणीला आम्ही त्याच काडीने ओहोळाचं पाणी ओढून प्यायचो. कावळ्याचं पीस पडलेलं असतं, त्याची दांडी नखाने कापून बघा, आत पोकळ. आई चुलीशी फुंकणीने विस्तव फुलवायची. ती फुंकणी बांबूची होती, टोक जळून काळं झालेलं, आणि वर्षातून एकदा बाबा नवी कापून द्यायचे. भरीव लाकडाची फुंकणी कोणी करेल का? मटणातली नळी चोखताना माणसाला कौतुक असतं ते मगजाचं. मी आधी हाड बघतो. केवढं जनावर त्या चार नळ्यांवर उभं होतं.

आणि सगळ्यांचा बाप म्हणजे बांबू. बाबा बांबू तोडायचे ते अंधाऱ्या पंधरवड्यातच. चांदण्यात तोडलेल्या बांबूत गोडवा असतो, त्याला भुंगा लागतो, असं ते म्हणायचे. मॅडम म्हणाली यात तथ्य असू शकतं, बघावं लागेल. मी म्हटलं तू बघ, मी बघून झालोय. चुकीच्या पंधरवड्यातला बांबू मी ओळखतो, बुडाशी पिठासारखी भुकटी पडलेली असते. परांचीला बांबू निवडायचा तर आधी उचलायचा नाही, वाजवायचा. बोटाच्या हाडाने टकटक करायचं. निरोगी बांबू पेरापेराला वेगळा बोलतो. चिरलेला बांबू फुटक्या मडक्यासारखा एकच सूर काढतो.

मॅडम म्हणाली, "बांबूचं खरं डोकं पेरात आहे आजोबा. हातहातभर अंतरावर बाहेरून कडं आणि आतून पडदा. नळी चपटी व्हायला बघते, तो पडदा होऊ देत नाही."

पपईच्या देठाला पडदा नसतो, म्हणून तो माझ्या गुडघ्यावर चपटा झाला. इतकी वर्षं माहीत असलेल्या गोष्टीला तिने मागून टेकू दिला. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात मी बोलून गेलो, "पेराचं दुसरंही एक काम आहे."

"कुठलं?"

मी चहाचा कप उचलला. म्हणालो, "सांगेन कधीतरी." कारण पुढचं वाक्य मुलुंडचं होतं, आणि मुलुंडबद्दल मी तीस वर्षांत कोणाला काही सांगितलं नव्हतं.

तेव्हाही वैशाखच होता. मुलुंडला एका चार माळ्यांच्या इमारतीचं प्लास्टर निघालं होतं आणि ठेकेदाराने पहिल्यांदाच लोखंडी पाइप आणले. सगळी परांची पाइपची करण्याएवढे नव्हते. म्हणाला, उभे पाइप लावा, आडवे तुमचे बांबू. जोडायला एक पोतंभर क्लॅम्प दिले, नटबोल्टवाले. आमची सात माणसांची टोळी, मी मुकादम, आणि माझ्या बरोबरीने चढणारा वसंता. वसंता माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. आधी आम्ही जोडीदार, मग मी त्याच्या बहिणीशी लग्न केलं. म्हणून तो मला अरेतुरे करायचा, फक्त रागावला की "भावोजी" आणि "तुम्ही".

वसंतासारखा वर वावरणारा माणूस मी बघितला नाही. मी परांचीवर चढायचो, तो चालायचा. चौथ्या माळ्यावर एका बांबूवर उभं राहून विडी पेटवायचा, दोन्ही हात काडीपेटीला. वारा कुठून येतो ते त्याच्या तळव्यांना कळायचं. खाली बायाबापड्या डोळ्यांवर हात ठेवायच्या. आणि हा मेला वरून विचारायचा, "काय गो, नारळ काढूक चढलंय काय मी?"

त्या सकाळी तो पोत्याकडे बघून म्हणाला, "हे बोल्ट वापरायचे ना रे?"

"ज्याला गाठ मारता येत नाही त्याने बोल्ट आवळावा," मी म्हणालो.

"पण पाइप गुळगुळीत आहे."

"मला शिकवू नको, वसंता."

मुकादम मी होतो. त्याने खांदे उडवले आणि काथ्याची बादली आणली. काथ्या पाण्यात भिजवून बांधतात. कोरडा गाठीत तुटतो, भिजला की हातात मऊ येतो आणि आवळता येतो. मी उभ्या पाइपला आडवा बांबू लावला, तीन फेरे, मधून आडवे दोन, खुंटीने पीळ दिला आणि टोक खोचलं. वीस वर्षं जशी मारत होतो तशीच गाठ. लोंबकळून बघितलं. हलली नाही. पोतं तसंच बांधलेलं राहिलं.

आता पेराचं दुसरं काम सांगतो. आम्ही बांबूला बांबू बांधतो तो नेहमी पेराच्या अंगावर. दोरी पेराच्या कड्यावर बसते. वर माणूस उभा राहिला, दोरी खाली सरकायला बघते, पण कडं तिला जाऊ देत नाही. वीस वर्षं मला वाटत होतं की माझी गाठ माणसाला धरते. अर्धं वजन त्या कड्याने धरलेलं होतं. बांबूने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. पाइपला पेर नसतं. वरपासून खालपर्यंत एकच गुळगुळीत नळी. त्यात मुलुंडचं ऊन. दुपारी पाइप तव्यासारखा तापला, काथ्या वाळला, वाळला तसा सैल पडला, आणि त्याला अडायला काही नव्हतं.

जेवण झाल्यावर बाकीची माणसं इमारतीच्या मागच्या बाजूला होती. पुढे मी आणि वसंता. तो दुसऱ्या माळ्याच्या उंचीला फळीवर उभा राहून वरचा बांबू खेचत होता. मी खालून त्याच्याकडेच बघत होतो. त्याचा पाय फळीच्या मधोमध होता. हे मी आज लिहितोय, पण मला ते त्या दिवसापासून दिसतंय. काथ्याने पाइपवर खर्र असा आवाज केला, बांबूचं एक टोक दीड हात खाली आलं, फळी तिरकी झाली आणि वसंता वाळूच्या ढिगावर पडला. वाळू होती म्हणून जीव राहिला. उजव्या पायाची नडगी मोडली. तो ओरडला नाही. मला म्हणाला, "फळी हलली रे."

माणसं धावत आली. त्याला टॅक्सीत घातलं. दोघं त्याच्याबरोबर गेले. मी मागे थांबलो. सगळ्यांना वाटलं मुकादम साइट सांभाळायला थांबला. टॅक्सी वळली तसा मी वर चढलो, कोयत्याने तो काथ्या तोडला, बांबू जागेवर घेतला, पोतं सोडून दोन क्लॅम्प काढले आणि तिथे आवळले. मग बाकीच्या सगळ्या जोडांना. ठेकेदार आला तेव्हा परांचीत काही खोट नव्हती, आणि मुकादमापुढे टोळीतलं कोणी तोंड उघडणार नव्हतं. तो म्हणाला, "मग पडला कसा?"

"फळीच्या टोकावर पाय दिला त्याने."

एकदा बोललेलं वाक्य माणूस पुन्हा पुन्हा बोलतो. तेच मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तेच हॉस्पिटलात वसंताला सांगितलं. तो खाटेवर पडून म्हणाला, "माका फळी हलल्यासारखी वाटली." मी म्हणालो, "फळी नाही हलली, वसंता. तुझा पाय टोकावर गेला. होतं असं." तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "असात. तू सांगतंस तर असात." माझ्या शब्दावर त्याचा केवढा विश्वास होता, तो मी असा वापरला.

डॉक्टरने एक्सरे खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. नडगीचं हाड म्हणजे नळी, आत पोकळी, आणि त्या पोकळीत वरून खालपर्यंत एक सरळ पांढरी सळई. डॉक्टर म्हणाला, हाड पोकळ आहे म्हणून सळई आतून घालता आली, आता हा पाय दुसऱ्यापेक्षा पक्का. वसंताची बहीण, म्हणजे माझी बायको, देवाला हात जोडत होती. मी त्या नळीकडे बघत होतो.

पाय पक्का झाला. वर्षाने वसंता कामावर परत आला. विक्रोळीचं काम होतं. पहिल्या टप्प्यावर चढला, दुसऱ्यावर चढला आणि तिथेच दोन्ही हातांनी बांबूला मिठी मारून थांबला. मी त्याला उतरवला. खाली बसून त्याने पाणी मागितलं. म्हणाला, "पाय दुखत नाय रे. पण पाय खंय पडतो तां माका आता कळत नाय. तेव्हा पण नाय कळला." मी तिथे उभा होतो. तोंड उघडायला एवढी जागा मला परत मिळणार नव्हती. मी म्हणालो, "वय झालं आपलं." तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती, एवढंच. त्यानंतर तो कधी चढला नाही. घाटकोपरला एका सोसायटीच्या गेटवर लागला, खुर्चीवर. मी पुढची अठरा-वीस वर्षं चढत राहिलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण गणपतीला सगळे जमायचे, वसंता उंबरा ओलांडून आत यायचा आणि मी बसल्या जागेवरून म्हणायचो, "बघून पाय टाक रे, वसंता." सगळे हसायचे. तोही हसायचा. दर वर्षी.

आता यंदाचं. मे महिन्याच्या मध्यावर सकाळी मी गॅलरीत बसलो होतो. समोर हातभर अंतरावर परांचीवर एक कामगार पाइपला आडवा बांबू लावत होता. काथ्याने. भिजवलेल्या.

"सोड ते," मी म्हणालो.

"कुछ नहीं होता चाचा. क्लॅम्प खतम हो गया. दो दिन का काम है."

"मैं बोलता है छोड़!"

"आप चाय पिओ ना चाचा," तो म्हणाला, आणि खुंटीने पीळ द्यायला लागला. गाठ चांगली मारत होता. तेच मला सोसेना. मी मॅडमला हाक मारली. ती वर आली, गॅलरीतून हात घालून दोरी दोनदा ओढून बघितली.

"घट्ट आहे, आजोबा."

"सकाळी घट्टच असणार. दुपारी बघ. पाइप तापेल, काथ्या वाळेल, सरकेल."

"सरकेलच असं कशावरून? बांबूवर तुम्ही आयुष्यभर हेच बांधलंत." तिचा आवाज चढला नव्हता, पण घाई होती. "पाऊस तोंडावर आलाय. काम थांबवलं तर मला वर कारण द्यावं लागतं. काय सांगू, तिसऱ्या माळ्यावरच्या आजोबांना वाटलं? तुम्हीच म्हणालात ना, पाइपला कधी हात लावला नाही?"

म्हणालो होतो. अभिमानाने म्हणालो होतो. तो कामगार आमच्या दोघांकडे बघत फळीवर उभा होता, फळीच्या मधोमध, अगदी व्यवस्थित. कारणं मला खूप सुचली. पण तिला कारण नको होतं, तिला घडलेलं हवं होतं.

"मी बांधलेलं आहे असं," मी म्हणालो. "एकदा. मुलुंडला. क्लॅम्पचं पोतं शेजारी होतं, मी उघडलं नाही. दुपारी दोरी सरकली. माणूस पडला."

"कोण पडलं?" मॅडमने विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आधी मागून आवाज आला. "माझा भाऊ." बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

मॅडम शहाणी. तिने कामगाराला आधी आत घेतलं, आमच्याच गॅलरीतून. मग खाली जाऊन सगळं काम थांबवलं आणि क्लॅम्प आल्याशिवाय कोणी वर जायचं नाही म्हणून सांगितलं. चहा तसाच राहिला.

दुपारी भात वाढताना बायको म्हणाली, "दर गणपतीला तुम्ही त्याला सगळ्यांदेखत बोलायचात."

"हो."

"मी पण हसायचे हो." तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं. "माझ्या दादाला मी हसले."

मी ताटावरून उठलो. ती म्हणाली, "फोन मी लावणार नाही. तुम्ही लावा. आत्ता."

मला फोनवर बोलता येत नाही, मी ओरडतो. पण त्या दिवशी आवाज निघेना. वसंता दोनदा "कोण, कोण?" म्हणाला. मग मी सगळं सांगितलं, काथ्यापासून कोयत्यापर्यंत. तो ऐकत होता. मागे त्याच्या सोसायटीचं गेट उघडल्याचा आवाज आला.

"म्हणजे फळी हलली होती?" त्याने विचारलं.

"हलली होती."

"आणि माझो पाय?"

"तुझा पाय मधोमध होता. मी बघत होतो."

तो म्हणाला, "तीस वर्सां मी जिना उतरताना खाली बघून उतरतंय, भावोजी." आणि फोन ठेवला.

चार दिवस काही नाही. मी गॅलरीत बसलो, पण बघत काहीच नव्हतो. नवे क्लॅम्प आले, काम सुरू झालं. दुपारच्या वाऱ्यात पाइपांची उघडी टोकं हुंकार देत होती. एका टोकात कुंभारमाशीने मातीचं घर करायला घेतलं होतं. ती चिखलाचा गोळा आणायची, आत जायची, परत यायची. पाइप उतरवतील तेव्हा तिचं घर जाईल. तिला कोण सांगणार? मॅडम अकराला यायची आणि मुलुंडचा विषय काढायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "आजोबा, मी आमच्या सगळ्या साइटवर कळवलं. कुठेही पाइपला काथ्या बांधायचा नाही."

"माझं नाव घेतलंस?"

"नाही."

"घ्यायचं," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायकोने खाली बघितलं आणि म्हणाली, "दादा आलाय." मी उतरलो. वसंता रिक्षातून उतरून परांचीपाशी उभा होता. पांढरा सदरा, वहाणा, केस सगळे पिकलेले. पाइपवर हात ठेवून वर बघत होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मॅडमला म्हणाला, "बाय, माका चढूचा आसा."

"काका, नाही हो चालत. कामगारांशिवाय कोणी..."

"पहिल्याच फळीपर्यंत."

मॅडमने माझ्याकडे बघितलं. नको म्हणायचा हक्क माझा नव्हता आणि हो म्हणायचाही नव्हता. तिने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "चढू दे त्याला."

मॅडमने स्वतः त्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं, कमरेला पट्टा बांधला आणि हूक कसा अडकवायचा ते दाखवलं. "पाचच मिनिटं काका. आणि हूक काढायचा नाही." त्याने वहाणा काढून बाजूला ठेवल्या. शिडीवर पाय टाकला. उजवा गुडघा नीट वाकत नव्हता, तो हाताने उचलून पुढच्या पायरीवर ठेवायचा. आठ पायऱ्या होत्या. मी खाली शिडी धरून उभा होतो, हातांना घाम सुटला होता. चाळीस वर्षांत कधी सुटला नव्हता.

तो फळीवर पोचला. आधी दोन्ही हातांनी पाइप धरून उभा राहिला, विक्रोळीला राहिला होता तसा. बायको पुटपुटत होती. मग त्याने एक हात सोडला. तळवे फळीवर जरा इकडेतिकडे केले, अनवाणी माणूस नवी जमीन बघतो तसे. मग दुसराही हात सोडला.

उंची होती माझ्या डोक्याच्या जरा वर, फार नाही. पण तो उभा होता, सरळ, हात मोकळे. खाली बघत नव्हता. समोर, रस्त्यापलीकडच्या गुलमोहराकडे बघत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. जेवून आलेले कामगार थांबून बघत राहिले. मॅडमने घड्याळाकडे बघितलं आणि हात खिशात घातला. कोणी त्याला हाक मारली नाही.

शेवटी तोच वळला आणि शिडीकडे आला. उतरायला सुरुवात केली. चार पायऱ्यांवर आला तेव्हा मी शिडी एका हाताने धरून दुसरा त्याच्यापुढे केला. त्याने हाताकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बाजूक व्हा," तो म्हणाला.

मी बाजूला झालो. तो शेवटच्या चार पायऱ्या स्वतः उतरला, खाली न बघता.